गॅरेजच्या दारातला कागद

बेळगावचा मराठी माणूस कागदासाठी भांडायला कमी पडतो, असं कुणी म्हणणार नाही. सरकारी परिपत्रकं मराठीतून द्या, जमिनीचे उतारे मराठीतून द्या, बसवर मराठी पाट्या लावा, यासाठी इथं किती मोर्चे निघाले याची गणती नाही. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद मिळाला पाहिजे, हा निकष गल्लीतल्या कार्यकर्त्यालाही तोंडपाठ असतो. आणि हाच माणूस सात-आठ लाखांची गाडी गॅरेजात लावतो तेव्हा कुठल्याही भाषेतला कागद मागत नाही. "पुढनं कायतर आवाज येतोय बघा," म्हणून किल्ली देतो. मेस्त्री म्हणतो, "सोडून जावा की, सांजच्याला फोन करतो." व्यवहार ठरला. काय करायचं, किती पैशात, कुठला पार्ट घालून, केलेल्या कामाची हमी किती दिवसांची, यातलं एक अक्षर कुठं उतरलेलं नसतं.

संध्याकाळी बिल म्हणून हातात येतं ते बहुधा वहीचं फाडलेलं पान. त्यावर चार आकडे आणि खाली एक बेरीज. आठवड्याभरात आवाज परत सुरू होतो. गाडी घेऊन गेलं की मेस्त्री म्हणतो, तो आवाज वेगळा होता, हा वेगळा. असेलही तसं. पण कुठल्या आवाजासाठी गाडी दिली होती हेच लिहिलेलं नसल्यावर खरं-खोटं करायचं कशावर?

गॅरेजच्या वाईट कामाबद्दल आपल्याकडं खूप बोललं जातं, बहुतेक वेळा शिव्यांच्या रूपानं. 'सगळे लुटारू' इथपासून 'आपला जुना मेस्त्री होता तोवर बरं होतं' इथपर्यंत. माझं म्हणणं वेगळं आहे. नीट न झालेल्या कामाचा निवाडा गाडी परत बिघडल्यावर करायला गेलं तर होत नाही. गाडी गॅरेजात शिरताना काय लिहून घेतलं यावर तो ठरतो. आणि ते लिहून मागायची आपल्याला लाज वाटते.

आता वाईट काम म्हणजे काय, ते बघू. कारण सगळं वाईट काम लबाडीचं नसतं, आणि लबाडी समजून आरडाओरडा केला की साध्या निष्काळजीपणाचा मुद्दाही हातचा जातो. उन्हाळा लागला की सगळीकडं चालणारं एसीचं काम घ्या. गार हवा येत नाही म्हटलं की गॅस भरतात, थंड लागलं की पैसे घेतात. कारच्या एसीची यंत्रणा बंदिस्त असते. त्यातला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, हे ठीक. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठंतरी गळती आहे. ती गळती शोधायची, सांधा किंवा पाइप बदलायचा, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढायची, आणि मग वजन करून गॅस भरायचा. किती ग्रॅम, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. एवढं करायला अर्धा दिवस जातो. नुसता गॅस ढोसायला थोडाच वेळ पुरतो, आणि पुढच्या मार्चमध्ये गिऱ्हाईक आपल्या पायानं परत येतं. यात मेस्त्रीनं फसवलं म्हणावं, तर त्यानं सांगितलेलं काम केलंच आहे. आपण 'गॅस भरा' म्हणालो, त्यानं भरला. 'एसी गार का होत नाही ते शोधा' असं काम कुणी दिलंच नव्हतं.

दुसरा प्रकार बोल्ट आवळण्याचा. ऑइल बदलताना खालचा ड्रेन प्लग जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या ऑइल चेंबरची आटी जाते. पुढच्या खेपेला तो प्लग ठिबकायला लागतो, आणि मग टेप गुंडाळून, एम-सील लावून दिवस काढले जातात. चाकाचे नट हवेच्या गननं असे काही बसवतात की चोर्ला घाटात पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्यावर उभं राहून नाचलं तरी ते हलत नाहीत. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवताना बोल्ट मधून बाहेर, ठरलेल्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं आणि मोजून आवळायचे असतात. काही इंजिनांत तर एकदा काढलेले बोल्ट परत वापरायचेच नसतात. हे न पाळता बसवलेलं हेड महिना-दोन महिने चालतं, मग पाणी कमी व्हायला लागतं, आणि दोष गॅस्केटच्या, म्हणजे हेडखालच्या पत्र्याच्या, कंपनीवर जातो. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा पाना, काही फार दुर्मीळ वस्तू नाही. तरी तो रोज हातात घेणारी गॅरेजं शोधावी लागतात. विचारलं तर उत्तर येतं, "हाताला कळतंय की."

मला या गोष्टीचं जास्त वाटतं, कारण हे शहर मोजमापाचं आहे. उद्यमबागेत आणि मच्छेत कास्टिंग होतात, हायड्रॉलिकचे भाग होतात, वाहनांचे सुटे भाग होतात. तिथं मशिनवर काम करणारा पोरगा मायक्रॉनमध्ये बोलतो. फाउंड्रीतल्या मालावर हीट नंबर असतो, म्हणजे कुठल्या दिवशीच्या कुठल्या ओतणीतला तो तुकडा आहे हे नंतर शोधता येतं. माल बाहेर पडताना सोबत तपासणीचा रिपोर्ट जातो, आणि रिपोर्ट नसला तर गिऱ्हाईक कंपनी ट्रक परत पाठवते. त्याच कारखान्यातला सुपरवायझर रविवारी स्वतःची गाडी गॅरेजात घेऊन येतो आणि "हाताला कळतंय" हे उत्तर मान्य करतो. पुण्याच्या किंवा चेन्नईच्या गिऱ्हाइकाला आपण जो कागद देतो, तो स्वतःच्या ब्रेकसाठी मागत नाही.

का मागत नाही? कारण मेस्त्री आपला माणूस असतो. आणि इथं 'आपला' या शब्दाला भाषेची कुंपणं नाहीत, हेही कबूल केलं पाहिजे. सीमाभागात भाषेचं भांडण जिथं शिरत नाही अशा थोड्या जागा आहेत, त्यांत गॅरेज येतं. मालक कन्नड, फिटर मुसलमान, डेंटिंगवाला मराठी, गिऱ्हाईक हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडचं. एका वाक्यात तीन भाषा आणि शिव्या सगळ्यांच्या सारख्या. मेस्त्री अण्णांनी वडिलांची जीप सांभाळली, आता आपली कार सांभाळतात. अशा माणसाकडं 'लिहून द्या' म्हणणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं वाटतं. मग काम बिघडलं तरी तोंडावर बोलत नाहीत. गुपचूप दुसऱ्या गॅरेजला जातात आणि चार ठिकाणी नाव खराब करतात. अण्णांना चूक कळत नाही, ती सुधारायची संधी मिळत नाही, आणि पंचवीस वर्षांचा संबंध तुटतो तो तुटतोच. लिहिलेलं असतं तर दहा मिनिटांचं बोलणं झालं असतं.

महामार्गावर हा संबंधही नसतो. निपाणीपासून संकेश्वरवरून बेळगावकडं येणाऱ्या पट्ट्यात पुणे-बंगळूरच्या आणि गोव्याच्या गाड्या बंद पडतात. तो गिऱ्हाईक परत येणार नाही हे दोघांनाही माहीत असतं. बदनामीची भीती नाही, ओळखीची लाज नाही. तिथं तर कागदाशिवाय काहीच हातात नाही.

मेस्त्रीची बाजू न मांडता हा विषय संपवणं अन्याय होईल. गाड्यांच्या धुरावरचे बीएस-६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, आणि आजच्या गाडीत सेन्सर, वायरिंग, सॉफ्टवेअर यांचं जाळं आहे. स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड येतो. पण कोड सांगतो की अमुक ठिकाणचं माप चुकीचं येतंय, का चुकतंय ते सांगत नाही. सेन्सर गेला असेल, किंवा खानापूरकडच्या एखाद्या अंगणात रात्री उंदरानं वायर कुरतडली असेल. हे ओळखायला कंपनीचे वायरिंगचे नकाशे लागतात, दुरुस्तीची पुस्तकं लागतात, आणि ती बाहेरच्या गॅरेजला सहज मिळत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं याच कारणासाठी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला होता: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं आणि त्यात वाहनंही घेतली. पण पोर्टलवर दिसणं वेगळं आणि आमच्या मेस्त्रीच्या बाकावर येणं वेगळं. माहिती नसलेला माणूस अंदाजानं पार्ट बदलतो, आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

शिवाय गिऱ्हाईकही साळसूद नसतं. बाजारातून स्वस्त बेअरिंग स्वतःच आणायचं, 'हेच बसव, मजुरीत कमी कर' म्हणायचं, आणि ते बोंबललं की मेस्त्रीला धरायचं. 'आत्ता काम चालवून दे, पुढच्या महिन्यात बघू' म्हणून जुना ब्रेक पॅड परत बसवायला लावायचा. वर उधारी. ऊस गेला की देतो, बिल निघालं की देतो. ज्या गॅरेजची निम्मी कमाई गावात अडकलेली आहे त्यानं टॉर्क रेंच कशातून घ्यावा? लिहिलेला कागद या मेस्त्रीलाही वाचवतो. 'पार्ट गिऱ्हाइकानं आणला, हमी नाही' ही एक ओळ आणि खाली सही, एवढ्यात अर्धी भांडणं मिटतील.

कागद म्हटलं की कुणी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडं बोट दाखवेल. तिथं जॉब कार्ड, म्हणजे काय काम करायचं ते लिहिलेला कागद, असतो, छापील अंदाजपत्रक असतं, मोबाइलवर मेसेज येतो. मान्य. पण तिथला कागद बारीक इंग्रजीत असतो आणि सही काउंटरवर उभ्या-उभ्या घेतली जाते. गिऱ्हाइकानं सांगितलेली तक्रार एका ओळीत आणि सल्लागारानं सुचवलेली 'ट्रीटमेंट', 'क्लीनिंग', 'कोटिंग' चार ओळींत. म्हणजे तक्रार कमी आणि विक्री जास्त. त्यामुळं मला हवा असलेला कागद तो नव्हे. मला हवा तो कागद साधा आहे: गिऱ्हाइकाची तक्रार त्याच्याच शब्दांत, किलोमीटरचं रीडिंग, अंदाजे खर्च आणि त्याच्या वर जायचं झालं तर फोन करून विचारायचं, पार्ट कुठल्या कंपनीचा, जुना पार्ट परत द्यायचा, मजुरीची हमी किती दिवस. वहीचं अर्धं पान पुरतं. तेही नको असेल तर व्हॉट्सॲपवर दोन ओळी. मेस्त्रीनं 'ओके' म्हटलं तरी झालं.

यातला जुन्या पार्टचा मुद्दा मी सोडायला तयार नाही. काढलेला क्लच प्लेट, बेअरिंग, बुश गिऱ्हाइकाच्या हातात पडला की दोन गोष्टी एकदम कळतात: बदललं की नाही, आणि बदलायची गरज होती की नाही. भंगाराला चार पैसे येतात म्हणून मेस्त्री तो ठेवून घेतो, हे खरं. ते चार पैसे त्याला खुशाल द्यावेत, पण पार्ट बघून झाल्यावर.

कायदा काय म्हणतो? ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात दिलेल्या सेवेचं बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. 'बिल पाहिजे तर १८ टक्के जास्त' हे वाक्य इथं सर्रास ऐकू येतं. ज्या गॅरेजची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला तो कर लावताच येत नाही. पण साधी पावती द्यायला नोंदणी कशाला हवी? आणि नोंदणी असेल तर कर भरणं हा गॅरेजचा धर्म आहे, गिऱ्हाइकावर केलेला उपकार नव्हे.

सीमाभागाच्या दृष्टीनं या कायद्यातली सर्वांत मोठी गोष्ट फारशी बोलली जात नाही. १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार करायची तर गॅरेज जिथं आहे किंवा प्रकार जिथं घडला तिथल्या ग्राहक मंचाकडं जावं लागायचं. बेळगावच्या माणसानं कोल्हापुरात गाडी दुरुस्त केली तर तारखांना कोल्हापूर. आता तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडंही तक्रार करता येते. चंदगडच्या माणसानं बेळगावात काम करून घेतलं आणि ते बिघडलं तर तो कोल्हापूरच्या आयोगात जाऊ शकतो. बेळगावकर कोल्हापूरच्या गॅरेजला बेळगावात खेचू शकतो. राज्याची हद्द निदान इतक्यापुरती तरी पुसली गेली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः टेम्पो चालवणारा माणूसही या कायद्यानं ग्राहक ठरतो. गाडी धंद्याची म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो, आणि पुष्कळ गॅरेजं तेवढ्यावर नरमतात.

मात्र सेवेतली त्रुटी दाखवायची जबाबदारी तक्रारदाराची असते, आणि इथंच आपली प्रकरणं कोसळतात. गाडी परत बंद पडली की माणूस चिडून ती दुसऱ्या मेस्त्रीकडं ओढून नेतो, तो खोलतो, 'कुठल्या गाढवानं बसवलंय' म्हणतो, दुरुस्त करून देतो, आणि पुरावा तिथंच संपतो. पहिल्या गॅरेजला आधी लेखी कळवायचं, तोंडी नव्हे. त्यानं दाद दिली नाही तर दुसऱ्याकडं खोलण्यापूर्वी फोटो, खोलताना व्हिडिओ, आणि दुसऱ्या मेस्त्रीकडून काय सापडलं ते त्याच्या सहीनं. दुसरा मेस्त्री सही द्यायला कचरतो, धंद्यातला माणूस आहे. तरी मागावी.

आणखी एक. काम पटलं नाही म्हणून पैसे न देता गाडी मागणं उपयोगाचं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० कारागिराला हक्क देतं: वस्तूवर कष्ट घेऊन काम केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू तो अडकवून ठेवू शकतो. तेव्हा गेटवर हमरीतुमरी करण्यापेक्षा बिलावर 'कामाबद्दल हरकत राखून रक्कम दिली' असं लिहावं, पैसे यूपीआयनं द्यावेत, आणि गाडी बाहेर काढावी. रोख दिलेले पैसे नंतर सिद्ध करणं ही वेगळीच डोकेदुखी होते.

एवढं असूनही चार हजारांच्या ब्रेकच्या कामासाठी कुणी आयोगात जाणार नाही. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिन्यांची मुदत लिहिली आहे. प्रत्यक्षात प्रकरणं त्यापेक्षा रेंगाळतात. म्हणून मला यात सार्वजनिक संस्थांनी हात घालायला हवा आहे. महानगरपालिका आणि नगरपालिका धंद्याचे परवाने देतात. गॅरेजचा परवाना नूतन करताना जॉब कार्ड वापरण्याची अट घालायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. गॅरेज मालकांनी एकत्र येऊन एकच नमुना छापावा, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. ज्या मराठी संघटना सरकारकडं मराठी कागद मागतात त्यांनी हा नमुना स्वतः छापून वाटला तर मी त्याला भाषेचंच काम म्हणेन. खर्च वाढेल, हे उघड आहे. मोजून आवळायला वेळ लागतो, गळती शोधायला वेळ लागतो, लिहायला वेळ लागतो, आणि वेळेचे पैसे होतात. आपण हॉटेलात पाचशे रुपये मोजून देतो आणि ब्रेक बसवणाऱ्याशी शंभरासाठी हुज्जत घालतो. मजुरी वाढवून द्यायची तयारी नसेल तर वाईट कामाची तक्रार करायचा आपला अधिकारही तेवढा ठिसूळ राहतो.

राहिला प्रश्न तटस्थ तपासणीचा. दोन मेस्त्री दोन गोष्टी सांगत असतील तर खरं कोण सांगणार? विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात आहे, शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, आयटीआय आहे. त्यांच्याकडं शिक्षक आहेत, वर्कशॉप आहे, मोजायची साधनं आहेत. ठरलेल्या फीवर गाडी तपासून सहीचा रिपोर्ट देणारी एक खिडकी त्यांनी उघडावी. मुलांना खऱ्या बिघाडांवर हात बसवायला मिळेल आणि आयोगापुढं ठेवायला कागद तयार होईल. फी आधी गिऱ्हाइकानं भरावी. काम वाईट निघालं तर गॅरेजनं ती परत करून काम फुकट दुरुस्त करून द्यावं. काम चोख निघालं तर गिऱ्हाइकानं मेस्त्रीची मागची उधारी त्याच दिवशी चुकती करावी.